तिसऱ्या दिवसाचं खाणं

३ जून, लातूर
कंधारहून सकाळच्या गाडीने आले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या मंजुश्री मॅडमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं काम मिळालं. आमचे हे त्याच रोगाने गेले, म्हणून हे काम मला पुण्याचं वाटतं. कोपऱ्यात एक पेटी आहे, आत माणसाच्या अंगाइतकी ऊब. पहारेकरी व्यंकट म्हणाला, "मावशी, अंडी उबवायला आलाव का?" लई दिवसांनी हसले.

११ जून
मॅडमनी शिकवलं. पेटीतल्या चपट्या बाटल्यांत रोग्यांच्या गाठींतल्या पेशी वाढतात. दर तिसऱ्या दिवशी जुनं पाणी काढून गुलाबी पाणी घालायचं. तेच त्यांचं खाणं. हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही, असं दोनदा बजावलं.

१९ जून
एका बाटलीवर चिठ्ठी. कंधार, पुरुष, वय बावन्न. तारीख ह्यांच्या ऑपरेशनची. मॅडमनी वही काढून बघितली. मग हळूच म्हणाल्या की संमतीच्या कागदावर सही तुमचीच आहे, ह्यातून पुढे कुणाचा तरी जीव वाचेल. तीन वर्षं झाली, ह्या पेशी मरतच नाहीत.

आम्ही लिंगायत, ह्यांना रीतीप्रमाणे बसवून पुरलं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मला वाटलं होतं, हे सगळेच्या सगळे मातीत गेले.

२४ जून
दर आठवड्याला मॅडम ह्यांच्यावर औषध घालतात. बरेचसे मरतात. उरलेले परत वाढतात. परत मारायचे.
दुसऱ्या बाटल्यांत पेशी तळाला पसरतात. ह्यांच्या बाटलीत मधोमध ढीग. मांडी घालून बसल्यासारखा.

२७ जून
बाटली पदराखाली धरून कंधार गाठलं. समाधीशेजारी खुरप्याने खड्डा केला. डाव्या तळहाताला लागलं, थोडं रक्त आलं. ह्यांना तळहातावर घ्यायचं होतं, रीतीने. हातमोजा काढला. ओतलं. कोमट. विभूती लावून मातीत सोडलं. आता हे सगळेच्या सगळे पुरले.

२८ जून
परत लातूरला. मॅडम बाटली शोधायल्यात. मी बाटल्या धूत राहिले. अंग गार, डावा तळहात तेवढा गरम.

२९ जून
जखम मिटली. तिथे उंचवटा, सुपारीएवढा. दाबला की आतून दाबतो —

३० जून
तिसरा दिवस. तळहाताला भूक —
पेटीजवळ गेले. गुलाबी पाणी ओतलं. प्यायला. निवला.
मॅडम हात दाखवा म्हणतात. मूठ उघडेना. आत बसलेत. मांडी घालून. ह्यांना मातीत नाही, माझ्यातच —
गुलाबी पाणी संपलं. आणि हे अजून भुकेले —