सत्काराची घोंगडी

निमगाव केतकी,
३ डिसेंबर २०२४

चि. नागेश यास सोनबाकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

सत्काराची पत्रिका पोचली. माझ्या नावामागं ‘उपेक्षित लोककलावंत’ छापलंय. वाचून बरं वाटलं. चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगड्या विणल्या, पण आपण उपेक्षित आहोत हे कुणी कळवलंच नव्हतं. मी काही बारामतीला येणार नाही. माणसं जमली की मला घाम फुटतो. माझ्याच लग्नात मी मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसलो होतो. तुला हौस आहे, तर माझ्या खुर्चीवर तूच बस.

घोंगडी मात्र पाठवतोय, जपून ने. तानूकाकूची बोटं आता वळत नाहीत, चरखा माळ्यावर गेला. तिनं कातलेल्या सुताची ही शेवटची, आणि ही तिनं स्वतःसाठी ठेवलीय. आजवरच्या सगळ्या लोकांनी नेल्या. दाखव आणि परत आण. विणणाऱ्याचं नाव घेशील तिथं कातणारीचंही घे.

तुझा मोठेपणा वाढो, आमच्यावरची माया घटू नये.

सोनबा


बारामती,
१० डिसेंबर

ती. काकांच्या सेवेशी नागेशचा शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम झोकात झाला. प्रमुख पाहुणे मानसिंगराव तुमच्या कलेवर पाऊण तास बोलले. त्यातली चाळीस मिनिटं स्वतःच्या बालपणावर गेली, पण लोकांना आवडलं. व्हिडिओ नऊ हजार जणांनी पाहिला. पेपरातलं कात्रण आणि तुमची शाल पाठवतोय. काकूंचं नाव तेवढं गडबडीत राहिलं.

एक लहानशी गोष्ट झाली. पाहुण्यांना काठी आणि घोंगडी द्यायची आपल्याकडची रीत. आयोजकांनी काठी आणली, घोंगडी विसरले. मग कुणीतरी टेबलावरची तुमचीच उचलून मानसिंगरावांच्या खांद्यावर टाकली. टाळ्या चालू होत्या, मला मध्ये बोलवेना. पाहुणे ती घेऊन गाडीत बसले. काकूंना इतक्यात सांगू नये, ही विनंती.

राग आला तरी लोभ सोडू नये.

आपला नागेश


निमगाव केतकी,
१६ डिसेंबर

चि. नागेशला आशीर्वाद, नेहमीपेक्षा जरा कमी.

कात्रण पाहिलं. फोटोत पाहुणे आहेत, काठी आहे, घोंगडी आहे. मी नाही, तेवढं छान जमलंय. तुझी शाल गिरणीची आहे, अंगावर घेतली की चटचट ठिणग्या उडतात. घोंगडी विणणाऱ्याला शाल आणि पाहुण्याला त्याचीच घोंगडी. असा सन्मान करायला डोकं लागतं.

तुझं पत्र मी काकूला वाचून दाखवलं. ती रडली. तिची आई गेली तेव्हा रडली होती, त्यानंतर आत्ताच. मला फार वाईट वाटलं आणि तुझा रागही आला. रविवारी तिला एसटीत बसवतो. तिला घेऊन मानसिंगरावांच्या बंगल्यावर जा. तुला घोंगडी ओळखू येणार नाही, तिला येईल.

घोंगडी आली की उरलेले आशीर्वाद पाठवीन.

सोनबा


बारामती,
२२ डिसेंबर

ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र काकूंच्याच हाती देतोय. मानसिंगराव परगावी होते. त्यांच्या दिवाणजींनी एक खोली उघडली. आत सत्कारात मिळालेल्या घोंगड्यांची छातीएवढी चळत होती. सगळ्या सारख्याच दिसतात, तुमची कोणती कशी ठरवणार, असं ते हसत म्हणाले. काकू खाली बसल्या आणि एकेकीवरून हात फिरवू लागल्या. आपली त्यांना लगेच सापडली, तरी हात थांबेना. त्यांनी आणखी अकरा बाजूला काढल्या. काही माझ्या जन्माआधीच्या होत्या. अकराही तुम्ही विणलेल्या, त्यांनी कातलेल्या. एकीच्याही घडीला बांधलेली सुतळी कुणी सोडली नव्हती.

दिवाणजींचं हसू गेलं. सगळ्या घेऊन जा, म्हणाले. काकूंनी आपली तेवढी उचलली आणि म्हणाल्या, “ह्या दिल्याल्या हायत, परत न्यायच्या न्हाईत. पर कोंडून ठिवू नका. कुणीतरी पांघरा.”

काका, तुमचं प्रदर्शन त्या खोलीत कितीतरी वर्षं भरलेलं होतं, आणि बघायला पहिल्यांदा काकू आल्या. माझ्या हातात फोन होता. मी फोटो काढला नाही.

चुकलो. जमेल तेव्हा माया करावी.

नागेश