कान किती सेकंद वाजावेत?

८ एप्रिल, मंगळवार
आठ सेकंद! माझी कल्पना एकदाची खेळात आली. जवळ हातबॉम्ब फुटला की खेळाडूच्या कानात बारीक शिट्टी वाजणार, बाकी सगळं मुकं — ना साथीदाराची हाक, ना शत्रूची पावलं. आम्ही बनवतोय त्या या युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये माझं स्वतःचं असं हे पहिलंच. आमचे प्रमुख कू साहेब ऐकून म्हणाले, "खरं वाटतंय. पण नवखे पळाले तर शिट्टी काढून टाकायची. सोमवारी काय ते पक्कं."
काढून टाकायची म्हणे!

९ एप्रिल, बुधवार
आज वीस नवखे खेळायला बोलावले होते. एका पार्लरवाल्या बाईंनी हेडफोन काढला, फुंकर मारली, टेबलावर आपटला. "अगं, हा बिघडलाय. दुसरा दे." बाई, बॉम्ब तुमच्या पायाशी फुटलाय! — हे मनात. विसांतले अकरा अर्ध्यात उठले. आम्ही ठेवलेला किमबाप, म्हणजे भाताचे रोल, मात्र सगळ्यांनी खाल्ला.
तीन सेकंद करू का, असं विचारलं, तर खेळातल्या बंदुकांचं काम बघणारा गी-तेक हसला. "तीन? डास चावला का?"
"मग खरं किती?"
"आठ. निदान."
"तुला काय माहीत?"
"मी दीड वर्ष सैन्यात काढलंय. तू कुठे होतीस?"
कोरियात पुरुषांना सैन्यात जावंच लागतं, त्यामुळे हे वाक्य या ऑफिसात मला रोज एकदा मिळतं.

१० एप्रिल, गुरुवार
पण खरं किती? डोक्यातून जाईना. सैन्यात जाऊन आलेल्या सात जणांना विचारलं. सात उत्तरं! दोन सेकंद. एक मिनिट. "संध्याकाळपर्यंत." गी-तेकला खोदून विचारलं तेव्हा कळलं, तो मुदपाकखान्यात होता. तीनशे माणसांचं सूप ढवळायचा! आता त्याला आठवडाभर 'आठ सेकंद' अशीच हाक मारणार.
बाबांनाही फोन केला. ते तोफखान्यात होते, १९८३ साली. त्याबद्दल कधी बोलत नाहीत. "कान किती वेळ वाजायचे, बाबा?"
"हं. हं. जेवलीस का?"
विचारलं काय, उत्तर काय! नेहमीचंच. लहानपणापासून बघतेय, माझ्या बोलण्याकडे यांचं लक्षच नसतं. टीव्ही मात्र गल्लीभर ऐकू जातो. राग येतो मला.

११ एप्रिल, शुक्रवार
चार! शिट्टी हळूहळू विरते आणि मधून साथीदाराची हाक पुसटशी येते. पार्लरवाल्या बाईंना मुद्दाम परत बोलावलं. या वेळी हेडफोन काढला नाही. मान वाकडी करून थांबल्या, "गेला गं आवाज!" म्हणून हसल्या आणि खेळात गी-तेकला गोळी घातली. कू साहेब काही बोलले नाहीत, म्हणजे खूश आहेत.

१२ एप्रिल, शनिवार
चुंगजूला, बाबांकडे घरी. कू साहेबांना विचारून लॅपटॉप आणलाय.

१३ एप्रिल, रविवार
बाबांच्या कानांवर हेडफोन चढवला. बॉम्ब फुटला, शिट्टी वाजली, चार सेकंदांनी थांबली. बाबांनी हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला.
"माझी त्र्याऐंशीपासून चालूच आहे. तू ही बंद कशी केलीस?"
म्हणजे इतकी वर्षं माझं बोलणं त्या शिट्टीतून त्यांच्यापर्यंत जात होतं. जेवढं जाईल तेवढं.
बाबा माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होते.