स्क्रीनवरचं स्वस्तिक

अहो,

गोरक्षदादाचा लॅपटॉप विकत घ्यायचा नाही. भाऊ माझाच आहे, म्हणून सांगते. या मॉडेलच्या स्क्रीनवर काळे डाग पडतात, असं तुम्हीच दोघातिघांकडून ऐकून आलात. तरी लॅपटॉप बघायला देताना दादा म्हणाला, 'खंडेनवमीच्या पूजेतलं स्वस्तिक आहे, पुसू नका,' आणि तुम्ही मान डोलावली. दिवाळी होऊन गेली तरी ते कुंकू तसंच, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आज ओल्या फडक्यानं पुसलं आणि लॅपटॉप सुरू केला. बरोबर तिथंच रुपयाएवढा काळा डाग!

लॅपटॉप घेऊन दादाकडे संगमनेरला जातेय. आमटी झाकून ठेवलीय, भाकरी दुरडीत आहेत. फोन करून दादाला सावध करू नका. स्वस्तिक मी पुन्हा होतं तसंच काढलंय. आता त्यालाच पुसायला लावते.

— शैला