दगडाखालच्या चिठ्ठ्या

इंजे, ता. ९ ऑक्टोबर १९८६

चि. थेसिक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत. आज दुपारी ओकची फळं वेचायला डोंगरावर गेले. पाला उकरते तर दगडाखाली घडी घातलेला कागद, वर लाल शिक्का! दुसऱ्या दगडाखाली दुसरा, ढोलीत तिसरा. मोजले तर तीस. कुणा मेल्याने मांत्रिकिणीकडून कागद मंतरून आणून आख्खा डोंगर बांधला होता. लाल शाई दिसल्यावर वाचत बसायला मी काही मास्तरीण नाही. सगळे गोळा केले, मीठ टाकून चुलीत घातले. उद्या तुझ्या वर्गातल्या पोरांची सहल इकडेच आणतोयस ना? हे पत्र मिळेल तोवर ती होऊनही गेली असेल, पण घोर नको. डोंगर साफ केलाय.

लग्नाचं बघ. लोभ आहेच, तो टिकवायला पत्र टाकत जा.

तुझी मालसुनताई


ता. १० ऑक्टोबर

ती. ताईस थेसिकचा शि. सा. नमस्कार.

आज सहलीत तुझ्या भावाचं नाक कापलं गेलं. दरवर्षी माझ्या नावाचा शिक्का मारून दगडाखाली चिठ्ठ्या लपवतो. सापडेल त्याला वही. काल सुट्टीचा येऊन लपवून गेलो. बस गाठायची होती म्हणून तुझ्याकडे डोकावलो नाही, रागावू नकोस. आज तिसरीची तीस पोरं तासभर दगड उलटत होती. एक चिठ्ठी नाही! मलाही सापडेना. मीरान नावाची चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली की सरांनी लपवल्याच नाहीत, थाप मारली. वह्या तशाच वाटायला काढल्या, तर न शोधता मिळालेली वही कुणालाच नको.

हेडमास्तरांनी मंगळवारी बोलावलंय. ते ओरडतील नि विसरतील. पोरांपुढे माझा शब्द गेला, ताई, त्याचं काय करू?

तुझी माया तेवढी राहू दे.

थेसिक


ता. १४ ऑक्टोबर

चि. थेसिक यास आशीर्वाद.

स्वतःच्या नावाचा लाल शिक्का मारून दगडाखाली ठेवतं का कुणी, गाढवा? माझं पत्र मिळून शिव्या घालून झाल्याच असतील, आता पुढचं ऐक.

आज पहिल्या बसने तुझ्या शाळेत आले. तू हेडमास्तरांच्या खोलीत होतास ते बरंच, मला बोलूच दिलं नसतंस. सरळ वर्गात घुसले आणि सांगितलं, की तुमच्या सरांनी तीसच्या तीस चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, या बयेने जाळल्या. मग तुझी ती मीरान उठली. म्हणाली, वर्गाचा नियम सगळ्यांना सारखा, गुडघ्यावर बसा नि हात वर करा. बसले! पोरं शंभर मोजणार होती. चाळिसावर तिलाच दया आली. पुरे म्हणाली, आजीचे हात थरथरताहेत. आजी! एकोणपन्नासची आहे मी!

मग सरांची माफी कशी मागायची यावर त्यांची भांडणं जुंपली. मी बससाठी निघाले तेव्हा पोरं टेबलाखाली, दाराआड, कपाटात दडत होती. आता सरांनी आम्हाला शोधायचं, म्हणाली.

गुडघे सुजलेत, पण तुझ्यावरची माया शाबूत आहे. तीसच्या तीस सापडली का, तेवढं कळव.

तुझी ताई