लालमनचा डावा कान

मंगळवार, मयूर विहार

राग अजून उतरत नाही. लालमन गेल्या महिन्यात काविळीने गेला. मानेसरच्या कारखान्यातला माझा अशील. पोलिसांनी चौकीत मारून त्याचा डावा कान कायमचा घालवला, त्याचीच तक्रार मानवी हक्क आयोगापुढे चालू आहे. आज त्याची बायको सरोज एकटीच आली.

शिपायाने सवयीने लालमनच्याच नावाचा पुकारा केला. त्याला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून दर तारखेला सरोज त्याला कोपराने ढोसायची. आजही तिचं कोपर हललं. शेजारची खुर्ची रिकामी. मग ती स्वतःच उठली.

आत पोलिसांचा वकील म्हणतो, "आवेदक ही नहीं रहा, तो शिकायत किसकी?" इतक्या सहज. माणूस काविळीने गेला म्हणून त्याला पडलेला मार पुसला जातो का? वारस म्हणून सरोजचं नाव लावायचा अर्ज मी दिला. निर्णय पुढच्या तारखेला. कशाची वाट बघताहेत हे लोक, तीही मरायची?

आणि घरी आले तर नवरा म्हणतो, "जाने दे यार, अशीलच नाही तर केस कसली?" सरकारी नोकरी अंगात मुरलीय त्याच्या.

त्याला काय सांगू? निघताना सरोज म्हणाली होती, "दीदी, मार उन्होंने खाई. पर इतने साल घर में चिल्ला-चिल्लाकर तो मैं बोली हूँ."

पुढच्या तारखेला हेच तिला आत बोलायला लावणार आहे. त्याच आवाजात.