वही, वहाणा आणि गुरांचा डॉक्टर

त्सुफेनहाउझेन, जर्मनी,
रविवार, दुपार

प्रिय विष्णू,

दातेमास्तर कवितेच्या तासाला टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे, तो आवाज आठवतो का? ठक, ठकठक, ठक. खडूची पूड उडायची आणि पहिल्या बाकावर आपण दोघं शिंकत शिंकत कविता म्हणायचो. कालपासून तोच ठेका माझ्या डोक्यात चालू आहे, फक्त डस्टर टेबलाऐवजी माझ्या टाळक्यावर पडतोय. कारण पुढे येईल.

मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? कुंदावहिनींचा रक्तदाब? (तो आटोक्यात असेल तरच हे पत्र त्यांच्यादेखत वाच.) व्हॉट्सॲप असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अरे, व्हॉट्सॲप तू लगेच वाचतोस आणि लगेच फोन करतोस. पत्राला दहा-बारा दिवस लागतात, तेवढीच मला मुदत. वही कशी आहे, हे एवढ्यात विचारू नकोस. मी वहीकडेच येतोय, जरा लांबून.

तर काल चिरंजीव हृषिकेश (आठवडाभर कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतो, शनिवारी माझे) आम्हां सगळ्यांना ऱ्हाइनपलीकडच्या त्या फ्रेंच खेड्यात घेऊन गेला. तेच रे, मास्तरांच्या त्या फ्रेंच कवीचं. वही हातात देताना तू म्हणाला होतास, "शिऱ्या, चाळीस वर्षांच्या कविता आहेत, दुसरी प्रत नाही. त्या गावातल्या एका तरी माणसाला एक तरी ऐकव." म्हणून वही पिशवीत घेतली. निघताना हृषिकेशने त्याच पिशवीत एक कार्ड सरकवलं: 'हे आजोबा सापडल्यास खालील पत्त्यावर आणून सोडावे', जर्मन आणि फ्रेंचमध्ये. जणू मी पार्सल! रागारागाने ते कार्ड मी तुझ्या वहीत खुणेला घातलं.

गाव चारशे वस्तीचं, नावातली निम्मी अक्षरं नुसती शोभेला. चौकात फलक, गावच्या नामवंत माजी रहिवाशांचा. ऋचाने, म्हणजे सूनबाईने, वाचून दाखवला. एक बिशप, एक घड्याळजी, फुग्यात बसून उडालेली आणि शेजारच्या गावात पडलेली एक बाई (तिच्यावर दोन्ही गावं हक्क सांगतात), आणि आपला कवी. मला भरून आलं. आपल्या गावाने असा फलक लावला तर माझ्यापुढे काय लिहितील? 'पाठांतरात दुसरा.' (पहिला तू. पण तू गाव सोडलंच नाहीस, त्यामुळे तुला माजी व्हायची सोय नाही.)

ऋचा पाव आणायला गेली, हृषिकेश गाडी लावायला. मी नातीला, अन्वीला, घेऊन पुढे. एका घरावर दगडी पाटी आणि दाढीवाला मुखवटा दिसला. मी दाढीवरूनच कवी ओळखला! असल्या दारात वहाणा काढायच्या, हे मला कोणी सांगायला नको. कोल्हापुरी भिंतीलगत जोडीने लावून ठेवल्या, शेजारी पिशवी. तिथे आधीच एका खोक्यात कपबश्या आणि एक टेबललॅम्प होता. मला वाटलं, आपल्याआधी आणखी कोणी दर्शनाला आलं असेल.

डोळे मिटले, हात जोडले आणि तुझी म्हशीवरची कविता म्हटली. सतराच्या सतरा कडवी, तोंडपाठ. वहीची गरज पडली नाही (तिथेच नडलं). गंगी लंगडत गोठ्यात येते ते कडवं तर दोनदा म्हटलं. डोळे उघडले, तर वहाणा नाहीत, पिशवी नाही.

"अन्वी, अगं कुठे गेलं सगळं?"

"आइने ओमा," ती म्हणाली. म्हणजे कुणी आजी घेऊन गेली, सायकलवरून.

"आणि तू बघत बसलीस?"

"पण आजोबा, तूच तर तिथे ठेवलंस ना!"

इकडची ही रीतच आहे. नको असलेली वस्तू दाराबाहेर ठेवायची, हवी त्याने न्यायची. मी भक्तिभावाने तुझी वही भंगारात मांडली होती. नातीने तर त्या बाईला 'बिट्टे' म्हणजे 'घ्या ना' असंही म्हटलं. (संस्कार आमचेच.)

तेवढ्यात ऋचा आली, तिने पाटी वाचली. "अहो बाबा, हे कवी नाहीत. गुरांचे डॉक्टर होते. कवीचं घर ते समोरचं, तुम्ही पाठ करून उभे आहात ते."

म्हणजे गंगीची केस अखेर योग्य माणसाकडे गेली. तो जाऊनच शंभर वर्षं झाली आहेत, एवढंच.

मोज्यांवर सगळं गाव पालथं घातलं. सायकल नाही, आजी नाही. परतताना हृषिकेश म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी कार्ड गळ्यात घालू." मी सापडलेलाच होतो रे, हरवला होतास तू.

तुझा अपराधी,
श्रीधर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आठवतील तेवढ्या कविता कुंदावहिनींना सांगून लिहून काढ. म्हशीची मी पाठवतो. एकशे बारापैकी एक सुखरूप आहे, असं समज.

ता. क. २. 'एका बैठकीत सगळी वही वाचली' असं मी फोनवर म्हणालो होतो, ती थाप होती. मी म्हशीपुढे गेलोच नव्हतो. काल रात्रभर वाटत होतं, निदान एक पान उलटायला हवं होतं.

ता. क. ३. थांब. दारावर ठक, ठकठक, ठक. (बेल हृषिकेशने दुरुस्त केल्यापासून बंद आहे.) अन्वीने दार उघडलं. विष्णू, आजी! सायकलवाली! पायात माझ्या वहाणा, हातात तुझी वही आणि ते कार्ड. मला वरपासून खालपर्यंत निरखते आहे, सापडलेले आजोबा हेच का म्हणून. ऋचा सांगते, लिपी कळली नाही, पण ओळींच्या मांडणीवरून बाईंनी कविता ओळखली. एक वाचून दाखवा म्हणतात. दोन तास गाडी चालवत आल्यात.

कुठली वाचू रे? म्हैस सोडून एक तरी सुचव, असं विचारायलाही आता वेळ नाही. उघडेल ते पान वाचतो. फक्त आमच्या घरची पद्धत पाहून आजींनी वहाणा दाराबाहेर काढल्या आहेत, त्या आधी आत आणतो.