गोलमागचे पोंगे

१२ जानेवारी, रविवार
आज सेकंड हाफमध्ये माझं आयुष्य बदललं! मुलींची फुटबॉल सेमीफायनल. गोलमागे समोरच्या टीमची पोरं प्लास्टिकचे लांब पोंगे फुंकत होती – डोकं उठलं. मॅच यूट्यूबवर लाइव्ह दाखवणारे आमचे ताराचंदभाऊ ओरडले, "रोशन, आवाज कमी कर गा! लोक मॅच बंद करून राहिले." साउंड माझ्याकडे. मिक्सरवर पोंग्याचा सूर शोधला, तेवढाच कापला. आणि खालून गोपिकाचा आवाज निघाला! आमच्या मोहल्ल्यातली गोलकीपर. "डावी पकड वं, डावी!" – माझ्या हेडफोनमध्ये, अगदी कानाशी.

हरल्या त्या, एका गोलने. पण काय आवाज आला! कॉलेज अर्धवट सोडलेल्याला एवढं जमतं. आई काहीही म्हणो.

१३ जानेवारी
गोपिकाला मेसेज केला – पोंगे कापून तुझा आवाज मी घराघरात पोचवला. वाचला. उत्तर नाही.

१५ जानेवारी
उत्तर मिळालं. मैदानाच्या गेटवर, चारचौघांत.

गोलमागे पोंगे वाजवायचे नाहीत, हा स्पर्धेचा नियम. तिच्या टीमने तक्रार केली – पोंग्यांत गोपिकाची हाक ऐकू आली नाही, मॅच परत खेळवा. रेफरी म्हणे, मी बॉल बघत होतो. स्पर्धा समितीचे अध्यक्ष आनंदराव मॅचच्या वेळी रामदासपेठेत घरच्या सोफ्यावर! त्यांनी मोबाइलवर तीच मॅच लावून गोपिकाला दाखवली. "कुठं हाय पोंगा? तुहा आवाज मले घरी आयकू येते, अन् तुह्या पोरीईले मैदानात नाही?"

खोटी तक्रार केली म्हणून गोपिकाने शनिवारी आनंदरावांच्या हापिसात समितीची माफी मागायची. नाहीतर वर्षभर खेळणं बंद.

"काहून कापला पोंगा तू?" गेटवर तिने विचारलं.
"तुह्यासाठीच त –"
"मी सांगतलं होतं का तुले?"

१६ जानेवारी
मूळ आवाज कुठेच नाही! घाईत रेकॉर्डिंगच्या आधीच कापला होता. गाढव मी! टेबलावर मूठ मारली. बोटं सुजली.

भाऊंना म्हटलं, समितीला खरं सांगू. "डोकं फिरलं का बे? पुढच्या वर्षीचं काम त्यायच्याच हातात हाय."
आणि हे मला कामाची इज्जत शिकवणार!

१७ जानेवारी
गोपिकाला फोन केला. मी साक्ष देतो म्हणालो.

"तू येऊ नको. तू माह्या मागं फिरते, हे अख्ख्या मोहल्ल्याले मालूम हाय. तुह्या बोलण्याले कोण मानन?" मला वाटलं, आता नरम पडेल. "अन् मी जितली, तरी तुह्यासंग चहा पिणार नाही. आताच आयकून घे."

कट.

बंद फोनला शिव्या दिल्या. माग माफी! मला काय! – जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार
माझं बोलणं नका मानू. स्वतःच्या कानांचं तर मानाल?

भाऊंचा मिक्सर न विचारता उचलला. माइकपण. गांधीबागेतून पोंगे आणले. आनंदरावांच्या हापिसात, त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून फुंकीन. तेच रेकॉर्ड करीन, कापीन, तिथल्या तिथे ऐकवीन – शोधा पोंगा!

भाऊंचा फोन सारखा वाजतोय. काम गेलंच. ती चहा पिणार नाही. नको पिऊ.

निघालो. दार लावून घेतलं.